माहीत नाही, सांगता येत नाही, सांगायचं नाही

पत्र : मी दोन वर्षांपासून समुपदेशक म्हणून काम करते. गेस्टाल्ट पद्धतीचं प्रशिक्षण घेतलं आहे. १५ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे येतो, सहा सत्रं झाली. चार महिन्यांपासून सकाळी त्याच्या पोटात दुखतं, आठवड्यातले तीन-चार दिवस शाळा बुडते, रात्री दोनपर्यंत मोबाइल चालू असतो. ‘आत्ता तुला काय वाटतंय?’ असं विचारलं की खांदे उडवतो आणि ‘माहीत नाही’ म्हणतो. दहा मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दे म्हटलं, तर तिसऱ्याच मिनिटाला डोळे उघडून म्हणाला, ‘मला नाही जमणार.’ समोरच्या रिकाम्या खुर्चीत वडील बसलेत असं समजून बोल म्हटलं, तर हसला आणि उरलेला वेळ गप्प बसला. आत बरंच काही आहे हे दिसतं, पण बाहेर काही निघत नाही. प्रत्येक सत्राच्या संध्याकाळी आईचा फोन येतो, ‘आज काही बोलला का?’ भानावर आधारलेली ही पद्धत या वयाला पेलत नाही का? त्याला दुसऱ्या कुणाकडे पाठवू का?

उत्तर :

नमस्कार ताई,

पद्धत या वयाला पेलते, पण तिचा क्रम उलटा लागला आहे. भावनेला नाव देणं ही बरीच पुढची पायरी. तुम्ही ती पहिल्याच दिवशी मागितलीत, आणि त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की ती अजून त्याच्यापाशी नाही. दुसरीकडे पाठवायची घाई नको, पण आहे तसंच चालूही ठेवू नका.

त्याआधी दोन गोष्टी, ज्यांचा पत्रात उल्लेख नाही. पहिली, पोटदुखी डॉक्टरांना दाखवली आहे का? शरीर आणि मन एकच मानणाऱ्या पद्धतीत काम करणाऱ्याने तर हे सगळ्यांच्या आधी विचारायला हवं. चार महिने टिकलेलं दुखणं तपासल्याशिवाय ‘टेन्शनचं’ ठरवू नये. वजन घटणं, रात्री दुखण्याने जाग येणं, शौचातून रक्त, वारंवार ताप किंवा उलट्या यांपैकी काही असेल तर तपासणी लांबवायचीच नाही. आणि तपासणीत काही सापडलं नाही तरी दुखणं खोटं ठरत नाही. ताणाने पोट खरोखर दुखतं. हे वाक्य त्याला तुमच्या तोंडून ऐकू येणं फार गरजेचं आहे, कारण चार महिन्यांत त्याला ‘नाटकं करतोस’ हे कुणीतरी म्हटलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

दुसरी, मरणाच्या विचारांबद्दल थेट विचारलंत का? विचारल्याने असा विचार डोक्यात पेरला जात नाही, हे आता पुरेसं स्पष्ट झालेलं आहे. आडवळणाने विचारलं तर आडवळणाचंच उत्तर मिळतं. साध्या शब्दांत विचारा : ‘कधी इतकं नको होतं का, की जगूच नये असं वाटावं?’ हो म्हणाला तर पुढे : ‘स्वतःला काही करून घ्यायचा विचार आला होता का? कसं, केव्हा, हे ठरवलं होतंस का? त्यासाठी लागणारी वस्तू हाताशी आहे का? याआधी कधी केलं आहेस का?’ बेत आणि साधन दोन्ही असतील तर त्या दिवशी त्याला एकटं घरी पाठवायचं नाही. पालकांना बोलवायचं, ती वस्तू घरातून हलवायला सांगायची आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्यायचं. ‘माहीत नाही’ म्हणाला, तर या एका प्रश्नावर तेवढ्यावर थांबू नका. ‘आठवड्यातून एकदा, रोज, की कधीच नाही?’ असं विचारून त्याला निवडायला सोपं करून द्या.

आता मूळ विषयाकडे. गेस्टाल्ट हा जर्मन शब्द, अर्थ साधारण ‘पूर्ण आकृती’. फ्रिट्झ आणि लॉरा पर्ल्स, पॉल गुडमन या मंडळींनी १९५०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये या पद्धतीला रूप दिलं. तिचा पाया भान, म्हणजे या क्षणी आपल्याला काय जाणवतंय याची जाणीव. पर्ल्स या भानाचे तीन प्रदेश मानत. बाहेरचा, म्हणजे दिसतं, ऐकू येतं, हाताला लागतं ते. आतला, म्हणजे श्वास, पोट, जबडा, हातापायांतली ऊब किंवा गारठा. आणि मधला, म्हणजे विचार, कल्पना, आठवणी, उद्याची धास्ती. घाबरलेलं किशोरवयीन मूल बहुतेक वेळ या मधल्या प्रदेशात राहतं. डोळे मिटायला सांगितले की बाहेरचा प्रदेश बंद होतो, आतल्या प्रदेशाशी ओळख नसते, म्हणजे उरतो फक्त मधला. तिथे त्याचे सगळे विचार एकदम अंगावर येतात. तिसऱ्या मिनिटाला त्याने डोळे उघडले ते स्वतःला सांभाळण्यासाठी. त्याला हे सांगाही : ‘त्या दिवशी तू डोळे उघडलेस ते बरं केलंस. मी जास्त वेळ दिला होता.’

श्वासाचा व्यायाम सरसकट सगळ्यांना मानवतो हा समज सोडायला हवा. २०२२ साली ब्रिटनमधल्या ‘मिरियाड’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. शाळेच्या वर्गात सगळ्या मुलांना सरसकट दिलेल्या माइंडफुलनेसच्या (या क्षणाकडे, श्वासाकडे लक्ष ठेवण्याच्या) धड्यांचा, नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा जास्त उपयोग दिसला नाही. ज्याला आधीच घाबरल्यासारखं होतं, ज्याच्यावर अत्याचार झालेला आहे किंवा ज्याला खाण्याचा विकार आहे, अशा मुलाला ‘शरीरात काय जाणवतंय’ हा प्रश्न थेट धोक्याच्या जागी नेऊन सोडू शकतो. म्हणून क्रम असा ठेवा : आधी बाहेर, मग शरीराचा कडेचा भाग (तळपाय, तळहात, पाठ खुर्चीला टेकते ती जागा), मग शरीराचा मधला भाग (छाती, पोट, गळा), आणि सगळ्यात शेवटी भावनेचं नाव. डोळे उघडे. वेळ सुरुवातीला ३० ते ६० सेकंद. दोन मिनिटांच्या पुढे जायला चार-पाच सत्रं लागली तरी बिघडत नाही.

सत्रात हे कसं दिसतं? ५० मिनिटांपैकी पहिली दहा निव्वळ बाहेरच्या जगाची. ‘येताना रस्त्यात सगळ्यात मोठा आवाज कशाचा होता?’ ‘या खोलीत मागच्या वेळेपेक्षा काय वेगळं दिसतंय?’ या टाइमपास गप्पा नव्हेत. नेमकं पाहणं, नेमकं सांगणं, आणि सांगितलेलं कुणी दुरुस्त न करणं या तीन गोष्टींचा सराव इथे होतो, तोही धोका नसलेल्या विषयावर. मग ‘इकडचं पाऊल जमिनीवर जास्त टेकलंय की तिकडचं?’ मग ‘हात गार आहेत की गरम?’ प्रश्न नेहमी दोन पर्यायांचा, आणि ‘दोन्ही नाही’ हा तिसरा पर्याय खुला. ‘का’ विचारू नका. ‘का’ ऐकताच मूल कारणं शोधू लागतं, म्हणजे पुन्हा मधल्या प्रदेशात जातं, शिवाय शाळेत आणि घरी ‘का’ने सुरू होणारा प्रश्न बहुधा जाब विचारण्यासाठीच येतो. ‘कसं’, ‘कुठे’, ‘केव्हा’ हे चालतात.

बसण्याची जागाही पाहा. समोरासमोर, नजरेत नजर, मध्ये काही नाही, ही मांडणी मोठ्यांना ठीक, १५ वर्षांच्या मुलाला ती उलटतपासणी वाटते. खुर्च्या काटकोनात ठेवा, मध्ये छोटं टेबल, हाताला खेळायला काही. दाराजवळची खुर्ची त्याला निवडता यावी. पहिल्या काही सत्रांत शांतता १०-१५ सेकंदांच्या पुढे ताणू नका. प्रौढ माणसाला लांब शांततेत स्वतःकडे वळता येतं, या वयाच्या मुलाला त्याच शांततेत आपण नापास होतोय असं वाटतं. तेव्हा तुम्हीच काहीतरी बोला, आणि जे दिसतं तेच बोला : ‘तू टोपण उघडतोयस, मिटतोयस.’ अर्थ लावू नका. ‘म्हणजे तू अस्वस्थ आहेस’ असं म्हटलंत की टोपण खिशात जातं आणि मुलगाही.

आणि आता ‘माहीत नाही’. या दोन शब्दांकडे अडथळा म्हणून पाहिलं गेलं, आणि माझ्या मते सगळा पेच तिथेच आहे.

मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेव्हिन यांनी १९३९ साली किशोरवयीन मुलाला दोन प्रदेशांच्या सीमेवरचा माणूस म्हटलं होतं. मुलांच्या जगातून निघालेला, मोठ्यांच्या जगात अजून न घेतलेला. किशोरवयीनांबरोबर गेस्टाल्ट पद्धतीने काम करणारे मार्क मॅकॉनव्हिल या वयाची तीन कामं सांगतात : घरच्या भोवतालातून स्वतःला सोडवून घेणं, स्वतःचं असं आतलं जग तयार होणं, आणि मग दोन्हींची सांगड घालणं. क्रम लक्षात घ्या. आधी दार लावता यायला हवं, मग खोलीत काय ठेवायचं ते ठरवता येतं. ज्या मुलाला दार लावायचीच मुभा नाही, त्याला आतलं दाखव म्हणणं म्हणजे अजून न बांधलेल्या खोलीचा फेरफटका मागणं. त्याचं ‘माहीत नाही’ हे त्याने लावून पाहिलेलं दार आहे. ते तुमच्यासमोर लावता आलं, हे संपर्काचंच लक्षण.

पण या दोन शब्दांखाली किमान तीन निरनिराळ्या गोष्टी असतात, आणि त्या त्याच्या त्याला वेगळ्या करता येणं हाच पहिला खरा प्रयोग. तीन कोरे कागदाचे तुकडे घ्या. एकावर ‘माहीत नाही’, दुसऱ्यावर ‘सांगता येत नाही’, तिसऱ्यावर ‘सांगायचं नाही’ असं लिहा. त्याला म्हणा : ‘पुढची दहा मिनिटं मी काही विचारेन. उत्तर द्यायची गरज नाही. यातला जो खरा असेल त्या कागदावर फक्त बोट ठेव. तिन्ही उत्तरं चालतात.’ मग पाच-सहा प्रश्न, सोप्याकडून अवघडाकडे. आवडता खेळ कोणता, इथपासून सुरुवात करून शाळेच्या फाटकापाशी पोटात काय होतं, इथपर्यंत. एखाद्या प्रश्नावर त्याचं बोट ‘सांगायचं नाही’वर गेलं, तर तिथे थांबा आणि म्हणा, ‘बरं. मी विचारणार नाही. सांगायचं नाही असं ठरवताना अंगात कुठे काही बदललं का? खांदे, पोट, श्वास?’ बरीच मुलं इथे पहिल्यांदा शरीराचं काहीतरी सांगतात, कारण गुपित शाबूत राहिलेलं असतं. पुढे विचारण्याचा मोह मात्र आवरा. लगेच ‘मग आता सांगशील का?’ विचारलंत तर तीन कागदांचा खेळ सापळा होता हे त्याला कळेल, आणि तो सापळा तो विसरणार नाही.

‘सांगता येत नाही’वर बोट गेलं तर शब्दांशिवायची वाट द्या. कागदावर माणसाची बाह्याकृती आणि चार रंग, सात-आठ मिनिटं : जिथे काही असेल तिथे रंग, नसेल तिथे कोरं. किंवा माती. व्हायोलेट ओकलँडर यांनी मुलांबरोबरच्या गेस्टाल्ट कामात मातीला मोठं स्थान दिलं, आणि ते योग्यच आहे, कारण माती दाबता येते, आपटता येते, फाडता येते, आणि पुन्हा पहिल्यासारखी करता येते. दोन मुठींएवढा गोळा पुरे. पहिली दोन मिनिटं काही बनवायचं नाही, नुसतं दाबायचं, मग सकाळी पोटात जे असतं त्याचा आकार. लहान मुलाला ‘आता तूच हा आकार हो आणि बोल’ असं सांगता येतं. १५ वर्षांच्या मुलाला ते बालिश वाटतं, म्हणून आधी तिसऱ्या पुरुषात : ‘याला बोलता आलं असतं तर सकाळी सात वाजता हा काय म्हणाला असता?’ त्यातून एखादं वाक्य आलं तर ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या. आकाराचा अर्थ तुम्ही सांगू नका. ‘इथे खड्डा आहे म्हणजे एकटेपणा’ असलं निदान बरोबर निघालं तरी नुकसान करतं, कारण शोध तुमचा होतो, त्याचा राहत नाही.

रिकाम्या खुर्चीचा प्रयोग का फसला, हेही यावरून कळेल. तिथे वडील होते. वडिलांशी त्याचं प्रत्यक्षातलं बोलणं आज संध्याकाळीही होणार आहे आणि घर वडिलांचं आहे. प्रौढ माणूस खुर्चीतल्या वडिलांवर ओरडून स्वतःच्या घरी जातो, मुलगा त्याच वडिलांच्या घरी जातो. शिवाय ओळख जेमतेम सहा सत्रांची, आणि समोर बघणारं माणूस. हसू आलं ते लाजेने, आणि लाज वाटली की या वयात संपर्क सर्वांत आधी तुटतो. हा प्रयोग कायमचा टाकून देऊ नका, लहान करा. टेबलावर दोन पेनं ठेवा : एक ‘उद्या शाळेत जा’ म्हणणारं, दुसरं ‘नाही जाणार’ म्हणणारं. दोन्ही त्याचीच. पाच मिनिटं, प्रत्येकाला दोन-तीन वाक्यं. त्याला बोलायला अवघड गेलं तर एक पेन तुम्ही घ्या, पण ‘नाही जाणार’चं. आश्चर्य वाटेल, पण तुम्ही न जाण्याची बाजू मनापासून मांडलीत की त्याला जाण्याची बाजू मांडायला जागा होते.

या खेळात ‘जा’ म्हणणाऱ्या पेनाचे शब्द नीट ऐका. ‘आळशी आहेस’, ‘सगळ्यांची पोरं जातात’, ‘आमच्या कष्टांची किंमत नाही’. ही वाक्यं त्याची नाहीत, न चावता गिळलेली आहेत. पर्ल्स यांनी खाण्याचीच उपमा वापरली होती : चावलेलं अंगी लागतं, अख्खं गिळलेलं पोटात दगडासारखं राहतं. (पोटदुखीच्या मुलासमोर ही उपमा बोलून दाखवू नका. त्याच्या दुखण्याचा तो अर्थ आहे असा ग्रह होईल, आणि तसं तुम्हाला अजून माहीत नाही.) एक वाक्य निवडायला सांगा आणि विचारा, ‘हा आवाज कुणाचा वाटतो? यातलं किती टक्के तुला पटतं?’ तो ‘३० टक्के’ म्हणाला तर उरलेले ७० कुठे ठेवायचे, यावर एक अख्खं सत्र जाऊ शकतं. हे चावणं आहे. पालकांचं बोलणं संपूर्ण खोटं ठरवणं हाही गिळण्याचाच प्रकार, तेव्हा तिकडे ढकलू नका.

आता आईचा फोन. तुम्हाला तो त्रास वाटतो, पण गेस्टाल्टच्या नजरेने तो याच आकृतीचा भाग आहे. लेव्हिन यांच्याकडून आलेला विचार असा की वागणं हे एकट्या माणसात नसतं, माणूस आणि त्याचा भोवताल यांच्यामधून ते उभं राहतं. आई विचारते, ‘आज काही बोलला का?’ तुम्ही लिहिता, ‘बाहेर काही निघत नाही.’ ताई, ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा. मुलाच्या बाजूने पाहिलं तर दोन मोठ्या बायका दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट ओढत आहेत. तुमची तळमळ खरी आहे, यात शंका नाही. पण ती त्याला घरच्यासारखीच जाणवत असेल, तर तो तुमच्याकडेही घरच्यासारखाच गप्प बसणार.

म्हणून सातव्या सत्राआधी आईबरोबर आणि मुलाबरोबर एकत्र ३० मिनिटांची भेट घ्या, आणि तीन गोष्टी त्याच्यादेखत ठरवा. एक, काय सांगितलं जाईल : तो आला की नाही, आणि जिवाला धोका, दुसऱ्याला धोका किंवा कुणाकडून होणारा अत्याचार यांपैकी काही कळलं तर ते. या तीन गोष्टींत गुप्तता राहणार नाही आणि तुमच्याकडचा कायदा जे कळवायला लावतो ते कळवावं लागेल, हे मुलाला आधी माहीत हवं, नंतर कळलं तर तो विश्वासघातच. दोन, बाकी काहीही सांगितलं जाणार नाही. तीन, दर चार सत्रांनंतर तिघांची भेट होईल आणि तिथे काय सांगायचं ते तो ठरवेल. त्यानंतरही फोन आला, आणि येईलच, तर शांतपणे म्हणा, ‘तुम्ही फोन केलात हे मी त्याला सांगेन. तुम्हाला आज जास्त काळजी कशाची वाटतेय?’ दुसरं वाक्य विसरू नका. फोन बंद करायला सांगितला की आईची धास्ती मुलाच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहते. तिला ऐकणारं कुणी हवं, जमलं तर तिच्यासाठी वेगळा समुपदेशक सुचवा. घरी करायला एकच काम द्या : सत्राहून आल्यावर पहिला अर्धा तास एकही प्रश्न नाही. सोबत बसावं, हवं तर इतर कशावरही बोलावं. वडील यात कुठे आहेत ते पत्रातून कळत नाही. त्यांनाही या भेटीला बोलवा, नाहीतर सगळा भार आई आणि तुम्ही यांच्यातच फिरत राहील.

झोपेबद्दल थोडक्यात. १३ ते १८ या वयाला ८ ते १० तास झोप लागते, आणि वयात येताना झोपेचं घड्याळ नैसर्गिकरीत्याच पुढे सरकतं, त्यामुळे ‘दहाला झोप’ हा हुकूम शरीरच पाळत नाही. दोनला झोपून सकाळी उठणाऱ्या मुलाच्या अंगात भान ठेवायला लागणारी ताकदच उरत नाही. झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा, उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही फार बदलू देऊ नका, उठल्यावर बाहेरच्या उजेडात थोडा वेळ काढायला सांगा. मोबाइल हिसकावून घेतला तर भांडण मोबाइलचं होतं आणि झोप राहून जाते. दोन वाजता मोबाइलवर तो कुणाबरोबर असतो हे मात्र विचारा. कदाचित दिवसभरात त्याला आपलंसं म्हणणारी माणसं तेवढीच असतील.

शाळेच्या बाबतीत भानावर काम करणाऱ्या आपल्या लोकांकडून एक चूक वारंवार होते. आतलं उलगडलं की मूल आपोआप शाळेत जाईल, अशी वाट पाहिली जाते. तसं होत नाही. न गेल्याने त्या सकाळी लगेच सुटका होते, आणि ती सुटकाच उद्याची भीती वाढवते. जितके दिवस जास्त, तितकं परतणं कठीण. शाळेतून हे दुखणं येतंय का, म्हणजे कुणी छळतंय का, एखादा विषय झेपत नाही का, एखाद्या शिक्षकांची भीती आहे का, हे विचारून त्याचा बंदोबस्त आधी. मग परतीच्या पायऱ्या त्याच्याबरोबर लिहून काढा : फाटकापर्यंत, मग एक तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. शाळेशी हे आधी बोलून ठेवा. प्रत्येक पायरी हाही प्रयोगच, आणि तुमचं प्रशिक्षण इथे उपयोगी पडतं : ‘फाटकापाशी पोट दहापैकी किती दुखलं? पाच मिनिटांनी किती? तेव्हा नजर कुठे होती?’ मात्र पायरी ठरल्या दिवशी घ्यायचीच, पोट शून्यावर यायची वाट पाहायची नाही.

आपल्या पद्धतीच्या मर्यादाही मान्य कराव्यात. किशोरवयातल्या नैराश्यासाठी आणि चिंतेसाठी संशोधनाचा आधार सर्वांत भक्कम आहे तो बोधात्मक वर्तन उपचाराला (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर काम करणारा उपचार). नैराश्यात आंतरवैयक्तिक, म्हणजे नात्यांवर काम करणाऱ्या उपचारालाही. गेस्टाल्टच्या बाजूने या वयात तेवढे अभ्यास झालेले नाहीत. नातं, शरीराचं भान आणि भोवताल यांचं काम तुम्ही चालू ठेवा, शाळेच्या पायऱ्या वर्तन उपचारातून घ्या, यात पद्धतीशी प्रतारणा होत नाही. पण १० ते १२ सत्रांनंतर झोप, शाळेचे दिवस आणि मनःस्थिती या तिन्हींपैकी काहीच हललं नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांचं मत घ्या. नसलेले आवाज ऐकू येणं, वजन झपाट्याने घटणं, स्वतःला कापून घेणं, नशा, बरेच दिवस अंथरुणातून न उठणं यांपैकी काही दिसलं तर १२ची वाट पाहू नका. आणि खुर्च्या, माती, पेनं तेव्हा बाजूला.

सुधारणा कशावरून ओळखायची? रडण्यावरून तर नाहीच. मूल तुमच्याशी असहमत होऊ लागतं. ‘माहीत नाही’च्या जागी कधीतरी ‘सांगायचं नाही’ येतं. वाक्यं चार शब्दांवरून सातवर जातात. तो एखादी गोष्ट मागतो : खुर्ची बदलू का, खिडकी उघडू का. घरी तो जास्त वाद घालू लागतो, आणि आईचा घाबरून फोन येतो की मुलगा बिघडत चाललाय. तिला हे आधीच सांगून ठेवलं असेल तर तो फोन वेगळा जाईल. मनोविकारतज्ज्ञ आर्नॉल्ड बाइसर यांनी १९७० साली मांडलं की आपण नाही ते व्हायला धडपडताना माणूस बदलत नाही, आहे ते पुरतं होऊ दिलं की बदल सुरू होतो. तुमच्याकडे येणाऱ्या या मुलाच्या बाबतीत ‘आहे ते’ म्हणजे सध्या एक गप्प बसणारा मुलगा. त्याला आधी पुरतं गप्प बसता येऊ द्या.

हे तुम्हाला जड जाणार आहे. म्हणून प्रत्येक सत्रानंतर पाच मिनिटं स्वतःसाठी ठेवा आणि तीन ओळी लिहा : आज माझ्या अंगात कधी ताण आला, त्याच्याकडून मला काय हवं होतं, ते न मिळाल्यावर मी काय केलं. चार सत्रांच्या या ओळी घेऊन तुमच्या सुपरव्हायजरकडे जा. रिकामी खुर्ची कोणत्या क्षणी मधे आली, त्याआधी किती वेळ शांतता होती, हे त्या वेळी लिहिलेलं नसेल तर आता आठवून पाहा.

सातव्या सत्राची सुरुवात अशी करता येईल : ‘गेले सहा वेळा मी तुला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. तू खरं उत्तर देत होतास, मला ते ऐकू येत नव्हतं. आज मी तो विचारणार नाही.’ मग तीन कागद टेबलावर ठेवा. तो म्हणाला की हे पण नको, तर कागद उचलून ठेवा आणि विचारा, ‘येताना रस्त्यात काय दिसलं?’ तो आलाच नाही, तर आईला नव्हे, त्याला एक निरोप पाठवा, दोन ओळींचा : ‘तुझी वेळ पुढच्या आठवड्यात त्याच दिवशी राखून ठेवली आहे. यायचं की नाही ते तू कळव.’